डोलकाठीची फिटिंग्ज : दुरुस्त करायची की बदलायची?



या मालिकेत बोलायला बोलावलं तेव्हा बहुतेकांची अपेक्षा होती की मी सीमेवरच्या आठवणी सांगेन. त्या सांगणारे माझ्याहून चांगले लोक आहेत. मी भूदलाच्या इंजिनिअर्सचा, म्हणजे सॅपर मंडळींपैकी. पूल बांधणं, रस्ते उघडणं, मोडलेलं पुन्हा उभं करणं हे आमचं काम. निवृत्तीनंतर सिकंदराबादला स्थायिक झालो आणि गेली काही वर्षं हुसेनसागरच्या काठावर जुन्या शिडाच्या बोटी दुरुस्त करतो. आज त्यातल्याच एका छोट्या गोष्टीबद्दल बोलणार आहे : डोलकाठीवरची फिटिंग्ज. म्हणजे पिना, पट्ट्या, रिव्हेट, पुल्या. मुठीत मावतील एवढ्या वस्तू.

भूदलाच्या माणसाचा शिडाच्या बोटींशी काय संबंध, असं लोक विचारतात. त्यांना एवढंच सांगतो की शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली भारतीय तुकडी कोअर ऑफ इंजिनिअर्सची होती. बोटीचं नाव 'तृष्णा', आणि साल १९८५ ते १९८७. पूल बांधणाऱ्या माणसाला पाण्यापासून लांब राहता येत नाही.

हे ऐकणारे आणि वाचणारे तुम्ही कुठे कुठे आहात हे मला ठाऊक आहे. कुणी गोव्याला, कुणी चेन्नईला, कुणी भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी. कुणाची मुलं एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये आहेत. कुणाच्या क्लबच्या शेडमध्ये दोन-तीन बोटी धूळ खात पडल्या असतील. त्या बाहेर काढण्याचा विचार असेल तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे.

उदाहरणासाठी एंटरप्राइज ही बोट घेतो, कारण भारतात ती खूप ठिकाणी सापडते. जॅक होल्ट या इंग्रज डिझायनरने १९५६ साली ती आखली. लांबी सव्वातेरा फूट, म्हणजे चार मीटरच्या किंचित वर. दोन माणसं चालवतात. निळ्या शिडांमुळे लांबूनही ओळखू येते. तिची डोलकाठी बहुतेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची असते. दोन्ही बाजूंना एकेक तार, तिला श्राउड म्हणतात. पुढे नाळेकडे एक तार, तिला फोरस्टे म्हणतात. या तीन तारांवर डोलकाठी उभी असते. तारा वरच्या बाजूला ज्या पट्ट्यांना अडकवतात त्यांना टँग म्हणतात, आणि खाली बोटीच्या काठाशी जिथे बांधतात त्या चेनप्लेट. टँग आणि तार यांच्यामध्ये एक क्लेव्हिस पिन असते, जाडीला पेन्सिलीपेक्षा बारीक. ती पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला एक छोटी कडी असते.

आता या पिनेवर किती भार येतो याचा हिशेब करू. तो डोक्यात बसला की पुढचं सगळं आपोआप समजतं.

बोट वाऱ्याने एका बाजूला कलते. ती उलटू नये म्हणून मुलं दुसऱ्या बाजूच्या काठावर बसून बाहेर झुकतात. दोघांचं मिळून वजन ११० किलो धरा. त्यांचं वजन बोटीच्या मध्यरेषेपासून साधारण एक मीटरवर पडतं. चेनप्लेट मध्यरेषेपासून पाऊण मीटरच्या आसपास. आता ११० ला एकने गुणा आणि पाऊणने भागा. उत्तर जवळजवळ दीडशे किलो येतं. म्हणजे वाऱ्याच्या बाजूच्या एका तारेवर, एका टँगवर, एका पिनेवर दीडशे किलो. ही झाली शांतपणे सरकणारी बोट. तार आधीच ताणून बसवलेली असते, तो ताण वेगळा. वाऱ्याचा झोत आला, बोट लाटेवर आपटली, तर हिशेबात हा आकडा दुप्पट धरावा. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, हे विसरू नका.

तार मजबूत असते. अडीच मिलिमीटर जाडीची, एकोणीस धाग्यांची स्टेनलेस तार साधारण अर्ध्या टनाला तुटते. म्हणून लोक तारेकडे बघतात आणि निर्धास्त होतात. पण साखळीचा कस तिच्या कच्च्या कडीवर ठरतो. डोलकाठी आडवी होते तेव्हा मधोमध तुटलेली तार क्वचित सापडते. सापडते ती निसटलेली पिन, फाटलेली टँग, नाहीतर रिव्हेटच्या भोकापासून चिरलेली नळी.

आता तपासणीकडे वळू. पहिला नियम : डोलकाठी खाली उतरवल्याशिवाय तपासणी होत नाही. बोटीवर उभ्या डोलकाठीकडे मान वर करून बघणं म्हणजे नुसतं दर्शन घेणं. ती उतरवा, दोन स्टुलांवर आडवी ठेवा, डोळ्यांच्या पातळीवर आणा. साबणाच्या पाण्याने धुवा, पुसा, वाळू द्या. मग उजेडात बसा. लागणारं सामान साधं आहे : एक भिंग, टॉर्च, कापसाचा बोळा, मोबाइलचा कॅमेरा आणि एक वही.

कापसाचा बोळा तारेवरून हलकेच ओढत न्या. कुठे एखादा धागा तुटलेला असेल तर कापूस तिथे अडकतो. बोट फिरवून बघू नका, ते टोक सुईसारखं घुसतं. तार जिथे टोकाच्या दाबलेल्या नळीत शिरते तिथे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण वाकण्याचा त्रास तिथेच साठतो. एकही धागा तुटलेला दिसला तर तार बदला. त्यात चर्चा नाही.

मग फिटिंग्जच्या कडा बघा. अ‍ॅल्युमिनियमवर स्टीलची पट्टी बसवलेली असते तिथे पांढरी भुकटी दिसेल, किंवा नळीवरचा अ‍ॅनोडाइजचा थर फोडासारखा वर आलेला दिसेल. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ओले राहिले की त्यांची बॅटरी तयार होते, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. स्टील चकचकीत राहतं, खालची नळी खलास होत जाते. समुद्रात हे झपाट्याने होतं. गोड्या पाण्यात हळू होतं, असं म्हणतात ते खरं आहे. पण आमच्या हुसेनसागरचं पाणी ज्यांनी जवळून पाहिलंय, किंबहुना ज्यांनी त्याचा वास घेतलाय, ते त्याला गोडं पाणी म्हणणार नाहीत.

स्टेनलेस स्टीलचंही तसंच. नावात स्टेनलेस आहे म्हणून ते अमर नसतं. त्याला हवा लागते, तरच त्यावरचा संरक्षक थर टिकतो. पट्टीखाली, पिनेच्या भोकात, टेपच्या आत पाणी साठून राहिलं आणि हवा मिळाली नाही की तिथे आतून गंज धरतो. एखाद्या टँगवर केसासारखी तपकिरी रेघ दिसली तर तिला डाग समजून पुसू नका. ती रेघ बऱ्याचदा तडा असते.

तडा आहे की ओरखडा, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यासाठी डाय पेनिट्रंट नावाची तीन स्प्रे डब्यांची पद्धत आहे. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. आधी भाग स्वच्छ करायचा. मग लाल रंग फवारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. तो रंग बारीक फटीत शिरतो. मग फडक्यावर क्लीनर घेऊन वरचा रंग पुसायचा, थेट क्लीनर फवारायचा नाही, नाहीतर फटीतलाही धुऊन निघेल. शेवटी पांढरा डेव्हलपर पातळ फवारायचा. ओरखडा असेल तर काही दिसत नाही. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

इथे एक प्रसंग सांगतो, कारण याच लाल रेघेने आमच्याकडे एका वर्षी सगळं गणित बदललं.

एका संस्थेने वापरातून काढलेल्या चार एंटरप्राइज आमच्या गटाला मिळाल्या. आमच्याकडे शिकणारी मुलं आसपासच्या वस्त्यांतली. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाची आई घरकाम करते. चार बोटी, आठ मुलं. पावसाळ्यातल्या रेगाटाला दहा दिवस होते. तीन नंबरच्या बोटीची डोलकाठी तपासताना वरच्या टँगच्या खालच्या रिव्हेटपाशी मला एक रेघ दिसली. त्या बोटीची सुकाणूवाली होती पंधरा वर्षांची एक मुलगी. वर्षभर तिने एक रविवार चुकवला नव्हता. ती म्हणाली, "सर, केवढीशी रेघ आहे. एवढी रेगाटा होऊ द्या." संस्थेचे एक गृहस्थही म्हणाले की ओळखीचा वेल्डर आहे, दहा मिनिटांत टाका मारून देईल.

मी तिला नाही म्हटलं नाही. तिच्या हातात ते तीन डबे दिले आणि म्हटलं, "तूच बघ." तिने साफ केलं, रंग मारला, घड्याळ लावून बसली. डेव्हलपर मारल्यावर दोन मिनिटांत भोकापासून दोन्ही बाजूंना, नळीला आडवी, लाल रेघ उमटली. मोजली तर अकरा मिलिमीटर. डोळ्यांना दिसत होती त्याच्या तिप्पट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "ही आणखी वाढणार ना?"

वाढणार. हेच तिला कळायला हवं होतं, आणि तुम्हालाही. अ‍ॅल्युमिनियमचा स्वभाव असा आहे की छोटे छोटे धक्केही ते विसरत नाही. प्रत्येक झोत, प्रत्येक लाट त्याच्या खात्यात जमा होते. तडा नळीच्या लांबीच्या दिशेने असेल तर थोडा वेळ मिळतो. तो नळीला आडवा, गोल फिरत निघाला असेल तर डोलकाठी एके दिवशी काकडीसारखी मोडते. आणि ती मोडते जोराच्या वाऱ्यात, बोट काठापासून सगळ्यात लांब असताना, खाली दोन मुलं बसलेली असताना.

मग वेल्डिंग का नको? डोलकाठीचं अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेलं असतं. तुम्ही टाका मारलात की टाक्याच्या आजूबाजूचा भाग पुन्हा मऊ पडतो. तडा बुजतो, पण शेजारची नळी कमकुवत होते. दिसायला दुरुस्त, कामाला कच्ची. ही सगळ्यात धोकादायक अवस्था, कारण आता कुणी संशयही घेणार नाही. तड्याच्या टोकाशी बारीक भोक पाडून त्याला थांबवायची एक युक्ती आहे. तीही तात्पुरती असते, आणि मुख्य टँगपाशी मी ती करू देत नाही. आतून बाही बसवणं, म्हणजे नळीच्या आत तंतोतंत बसणारी दुसरी नळी घालून रिव्हेट मारणं, हा खरा उपाय. पण एंटरप्राइजच्या डोलकाठीला शिडासाठी मागे खाच असते, त्यामुळे आतला आकार गोल नसतो. तशी बाही आम्हाला दहा दिवसांत मिळण्यासारखी नव्हती.

सैन्यात एक शब्द आहे : बी.ई.आर., बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर. म्हणजे या वस्तूवर आता खर्च करू नये. हा शिक्का मारणं अवघड असतं, कारण त्यानंतर कुणाला तरी वस्तूशिवाय राहावं लागतं. चार नंबरच्या बोटीचा तळ गळका होता, पण तिची डोलकाठी सरळ आणि निरोगी होती. ती तीन नंबरला लावायची ठरली. चाराच्या तीन बोटी झाल्या. त्या वर्षी दोन मुलं काठावर राहिली. त्यांनी बोटी ढकलल्या, ओढल्या, दोर सांभाळले, पण रेगाटात उतरली नाहीत. याबद्दल त्यांच्या घरच्यांची नाराजी मी ऐकून घेतली. दोन मुलं रुसली तर पुढच्या वर्षी समजूत काढता येते.

रेगाटा झाल्यावर जुन्या डोलकाठीचा तो तुकडा आम्ही कापून काढला, व्हाइसमध्ये धरला आणि मुलांना लांब पहार लावून वाकवायला सांगितलं. दुसऱ्या हिसक्याला तो चिरला. तो हा माझ्या हातात आहे. जे वाचत आहेत त्यांच्यासाठी सांगतो : मोडलेल्या कडेचा एक भाग काळपट, मळलेला आहे, आणि बाकीचा चांदीसारखा लख्ख. लख्ख भाग आम्ही तोडला तो. काळपट भाग म्हणजे जुना तडा, महिनोन् महिने आत पाणी आणि घाण शिरून मळलेला. मोडलेला धातू वाचता येतो. ज्यांच्याकडे काही मोडलं असेल त्यांनी तो तुकडा फेकण्याआधी उजेडात धरून बघावा.

आता चार नंबरच्या डोलकाठीवर आम्ही काय काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण तिची फिटिंग्ज जुनीच होती.

पहिलं काम, जुने रिव्हेट काढणं. रिव्हेटच्या जाडीचंच ड्रिल बिट घ्या. फक्त डोकं उडवा, मग उरलेला देठ पंचने आत ढकला. ड्रिल हलू देऊ नका. भोक वाटोळं राहिलं पाहिजे, लंबगोल झालं की नवा रिव्हेट पहिल्या दिवसापासून खुळखुळतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. आत पडलेले देठ शेवटी डोलकाठी तिरपी करून, हलवून बाहेर काढा. आत राहिले तर खुळखुळतात, गंजतात, आणि शीड चढवायचा दोर आतून जात असेल तर नेमके त्यात अडकतात.

स्टेनलेसचे स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये जाम झालेले असतात. तिथे ताकद लावू नका, डोकं घासून जाईल. भेदक तेल टाका आणि दोन दिवस विसरून जा. मग स्क्रू आधी किंचित आवळा, नंतर सोडवा. नाहीच सुटला तर हीट गनने नळी गरम करा. अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, जवळजवळ दीडपट, त्यामुळे पकड सैल होते. ब्लोलँप मात्र वापरू नका. जास्त तापवलंत तर वेल्डिंगसारखाच कस जातो.

दुसरं, नवी टँग कुठे बसवायची. जुनी भोकं गोल असतील, आसपास फोड नसतील, तर तीच वापरा. नसतील तर नवी टँग थोडी वर किंवा खाली सरकवा, पण जुन्या भोकाच्या शेजारी त्याच आडव्या ओळीत नवं भोक पाडू नका. आडव्या ओळीत भोकं पाडली की पोस्टाच्या तिकिटांसारखी फाडायची रेघ तयार होते. भोकाच्या मध्यापासून नळीच्या किंवा पट्टीच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर ठेवा. भोकाच्या कडा कानशीने किंवा मोठ्या बिटने हलक्या हाताने साफ करा, कारण प्रत्येक कुस हे तड्याचं बी असतं. वापरात नसलेली जुनी भोकं रिव्हेट मारून बंद करा, म्हणजे पाणी शिरणार नाही. दोन्ही बाजूंच्या टँग खालच्या टोकापासून टेपने मोजून अगदी एका उंचीवर हव्यात. शर्यतीला जाणाऱ्या बोटीला वर्गाचे नियम असतात, त्यांतली मापं आधी वाचा.

तिसरं, दोन धातूंमध्ये पडदा. स्टीलची पट्टी थेट अ‍ॅल्युमिनियमवर बसवू नका. मध्ये पातळ प्लॅस्टिकची चकती घाला आणि रिव्हेटच्या देठाला लॅनोलिन किंवा गंजरोधक पेस्ट लावून मगच भोकात घाला. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. स्वस्त आणि उत्तम. हे एक मिनिटाचं काम आहे आणि त्याने फिटिंगचं आयुष्य वर्षांनी वाढतं.

चौथं, रिव्हेट कुठला. बाजारात गेलात की दुकानदार अ‍ॅल्युमिनियमचा पॉप रिव्हेट देतो. नावाची पाटी ठोकायला तो चालेल. टँग, गूसनेक, म्हणजे आडवी काठी जिथे डोलकाठीला जोडते तो सांधा, आणि किकिंग स्ट्रॅपचा आकडा या भार घेणाऱ्या जागांवर मोनेलचे रिव्हेट वापरा. मोनेल हा निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू आहे. सहज मिळत नाही, मागवावा लागतो. मागवा. आणि त्याला लांब दांड्यांची रिव्हेट गन लागते. छोट्या गनने ओढलात तर रिव्हेट अर्धवट बसतो आणि बसल्यासारखा दिसतो.

स्क्रू आटे पाडून बसवावेत का, असं विचारतात. नळीची जाडी दीड-दोन मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या स्क्रूला तेवढ्या जाडीत जेमतेम दोन आटे मिळतात. दोर अडकवायच्या क्लीटला चालेल, टँगला नाही. आरपार बोल्ट घालायचा असेल तर आत नळीच्या रुंदीएवढी एक छोटी नळी घाला आणि बोल्ट तिच्यातून न्या. नाहीतर नट आवळताना तुम्ही डोलकाठीच चेपाल.

पाचवं, टोकावरची पुली. हिला शीव्ह म्हणतात. शीड चढत नाही, अडकतं, अशी तक्रार असली की नव्वद टक्के वेळा मुलांच्या दंडाला दोष दिला जातो. पुली काढून बघा. ती फिरायची थांबली की दोर तिच्यावरून नुसता घासतो, एका बाजूला सपाट भाग पडतो, आणि मग ती कधीच फिरत नाही. नायलॉनची पुली पाणी पिऊन फुगते आणि खाचेत आवळून बसते. अ‍ॅसिटल, ज्याला बाजारात डेलरिन म्हणतात, ते पाणी फारसं शोषत नाही. डेलरिनचा गोल दांडा विकत घ्या आणि जुनी पुली नमुना म्हणून टर्नरकडे न्या. आमच्याकडे राणीगंजात, मुंबईत नागदेवीच्या आसपास, हे सगळं सामान मिळतं आणि लेथवरचं काम जाणणारी माणसंही. फक्त दोन गोष्टी सांगा : खाच दोराच्या जाडीची हवी, आणि पुलीच्या दोन्ही बाजूंना कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढीच मोकळीक हवी. जास्त ठेवलीत तर दोर पुली आणि गालाच्या मध्ये घसरून पाचर बसते. पूर्वी तिथे तारेचा हॅलियार्ड असेल आणि आता तुम्ही डायनीमाचा दोर लावणार असाल, तर तारेने कापलेल्या धारदार कडा आधी घासून काढा. नाहीतर नवा दोर महिन्यात फाटेल.

सहावं, बुडखा. डोलकाठीच्या खालच्या टोकाला जे बूच असतं तिथे पाणी साठतं. पाणी निघायचं भोक मातीने बुजलेलं असतं. ते उघडा. वरून सगळं नवं केलंत आणि खाली नळी कुजली, तर काय उपयोग?

सातवं आणि सगळ्यात स्वस्त, पिनांच्या कड्या. या कड्या वाकतात, ताणल्या जातात, दोर अडकून उघडतात. दर मोसमाला नव्या घाला. वरून टेपचे एक-दोन वेढे द्या, पण पूर्ण गुंडाळून हवाबंद करू नका. मघाशी सांगितलं ना, स्टेनलेसला हवा लागते.

डोलकाठी परत उभी करताना वर बघा. आधी विजेच्या तारा बघा, मग ढग. अ‍ॅल्युमिनियमची वीस फुटी नळी म्हणजे विजेला आमंत्रण. तलावाच्या वाटेवर, ट्रेलरच्या रस्त्यावर लोंबत्या तारा असतात. डोलकाठी उभी ठेवून बोट हलवायची नाही, हा आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम आहे.

कुणी म्हणेल, एवढं काटेकोर कशाला? आपल्या कोकणातले तांडेल पिढ्यान् पिढ्या लाकडी डोलकाठ्या आणि दोर घेऊन समुद्रात गेले, त्यांच्याकडे कुठे लाल रंगाचे डबे होते? नव्हते. पण लाकूड आणि दोर सांगून मोडतात. दोर आधी पिंजतो, लाकूड आधी करकरतं. तांडेलाचा हात रोज त्या दोरावरून फिरायचा आणि त्याला कळायचं. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस मुके आहेत. त्यांच्या मनातलं काढून घ्यावं लागतं, म्हणून हे सगळे उपद्व्याप.

मोठ्या समुद्रातही हेच आहे. दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई'तून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. ती बोट गोव्यात बांधली जात होती तेव्हा ते तिच्या बांधणीत गुंतलेले होते. समुद्रात काही मोडलं तर दुरुस्त करणारा दुसरा कुणी नसतो. अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया'ची डोलकाठी २०१८ साली दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात मोडली, पाठीला गंभीर दुखापत झाली, आणि फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. तिथे वादळापुढे कुणाचंच चाललं नसतं. पण आपल्या तलावांवर वादळं नसतात. इथे डोलकाठी पडली तर ती बहुतेक वेळा कुणीतरी न बघितल्यामुळे पडते.

तेव्हा शेवटी कामाचं सांगतो. दर मोसमाआधी डोलकाठी उतरवून पूर्ण तपासणी. दर महिन्याला पिना, कड्या आणि टँगवर एक नजर. तारा रोज वापरात असतील तर दहा वर्षांपलीकडे ताणू नका, दिसायला चांगल्या असल्या तरी. प्रत्येक बोटीची एक वही ठेवा : काय बदललं, कधी, कुणी. आणि ती वही मुलांना लिहू द्या. आमच्याकडे ती पंधरा वर्षांची मुलगी आता नव्या मुलांच्या डोलकाठ्या तपासते. तिने सही केल्याशिवाय बोट पाण्यात जात नाही, आणि तिची सही मिळवणं माझ्यापेक्षा अवघड आहे.

तुमच्या शेडमध्ये एखादी बोट पडून असेल तर येत्या रविवारी तिची डोलकाठी उतरवा. दोन स्टूल, एक भिंग, थोडा कापूस. एवढ्याने सुरुवात होते. बाकीचं सामान जसजसं लागेल तसतसं जमतं.